फिरता कंदील का फिरतो आणि का थांबतो?



दिवाळीच्या आधी घरोघरी कामट्या, घोटीव कागद आणि खळ यांचा पसारा मांडला जातो. चांदणी, षट्कोनी कंदील, करंजीच्या आकाराचा कंदील हे सर्व तुम्हांला ठाऊक आहेत. यंदा जरा निराळा कंदील करू या. हा कंदील दिवा लावला की आपोआप फिरू लागतो. त्याला किल्ली नको, चक्री नको, की विजेची मोटार नको.

हस्तकलेच्या जुन्या पुस्तकांत फिरत्या कंदिलाची कृती असते आणि तिच्या शेवटी 'आत ६० वॅटचा दिवा लावावा' अशी सूचना असते. आज ती कृती जशीच्या तशी करून, पण आत नवा ९ वॅटचा एलईडी दिवा लावून पाहिले, तर कंदील छान उजळतो, मात्र जागचा हलत नाही. करणाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले. कागद जाड झाला, की पाती वाकडी कापली गेली? वास्तविक त्याचे काहीच चुकलेले नसते. मग कंदील का फिरत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना उष्णता आणि ऊर्जा या धड्यांतला बराचसा भाग आपल्या हाताखालून जाणार आहे. तेव्हा आधी कंदील करू, मग विचार करू.

साहित्य

लग्नपत्रिकेच्या जाडीचा कार्डशीट कागद, पतंगाचा कागद, खळ, कात्री, कंपास, कोनमापक, पोलक्याला लावतात ते एक टिचबटण, सुमारे ३३ सें.मी. लांबीची ताठ तार, ४ सें.मी. बाजूचा लाकडी ठोकळा, मोठी परात, कोरडी वाळू आणि दोन लहान पणत्या.

कृती

(१) कार्डशीटवर १२ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढून कापून घ्या. त्याच मध्यबिंदूतून ३ सें.मी. आणि १०.५ सें.मी. त्रिज्येची आणखी दोन वर्तुळे पेन्सिलीने काढा. आतल्या लहान वर्तुळाला तुंबा म्हणू आणि बाहेरच्या दीड सें.मी. पट्टीला धाव म्हणू. बैलगाडीचे चाक आठवा, म्हणजे नावे विसरणार नाहीत.

(२) कोनमापकाने चाकाची ४५ अंशांची आठ घरे पाडा. प्रत्येक घरात ३० अंशांची पाती आणि १५ अंशांचा आरा असे दोन भाग आखा. पातीच्या तीन बाजू कापायच्या : एक सरळ कड, तुंब्याकडचा कंस आणि धावेकडचा कंस. आऱ्याला लागून असलेली चौथी बाजू मात्र कापायची नाही. ती बिजागरी. तिच्यावर दुमडून पाती सुमारे ३० अंश वर उचला. आठही पात्या एकाच दिशेने उचलल्या गेल्या पाहिजेत.

(३) टिचबटणाच्या दोन भागांपैकी उंचवटा असलेला भाग घ्या. त्याच्या पाठीमागे, उंचवट्याच्या बरोबर खाली, एक बारीक खळगा असतो. चाकाच्या मध्याशी छिद्र पाडून उंचवटा वर आणि खळगा खाली राहील असे बटण चिकटवा.

(४) पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या जोडून ७७ सें.मी. लांब आणि २८ सें.मी. रुंद तुकडा करा. चाकाचा परीघ सुमारे ७५ सें.मी. आहे, उरलेले २ सें.मी. चिकटवण्यासाठी. रुंदीतले २ सें.मी. कातरून दाते पाडा आणि ते धावेच्या वरच्या अंगाला चिकटवा. चाकाखाली लोंबणारा २६ सें.मी. उंचीचा नळा तयार होईल. त्याच्या खालच्या कडेला आतून कार्डशीटची १ सें.मी. रुंदीची पट्टी चिकटवली की नळा गोल राहतो. नळ्यावर काळ्या कागदाचे हत्ती, घोडे, मोर, धावणारी मुले, तुम्हांला आवडेल ते चिकटवा.

(५) तारेचे एक टोक दगडावर घासून टोकदार करा आणि दुसरे ठोकळ्यात उभे घट्ट रोवा. ठोकळा परातीच्या मधोमध ठेवून वाळूने झाकून टाका. वाळूच्या वर तार ३० सें.मी. राहिली पाहिजे.

(६) तारेच्या दोन बाजूंना, तारेपासून ५ सें.मी. अंतरावर, वाळूत एकेक पणती बसवा. पणतीचे वात असलेले टोक कागदाच्या बाजूला येऊ देऊ नका. पणत्या लावून झाल्या की घरातल्या मोठ्या माणसाने कंदील दोन्ही हातांनी आडवा, समतल धरून सरळ खाली उतरवावा आणि बटणाचा खळगा तारेच्या टोकावर टेकवावा. पंखा बंद करा. अर्ध्याएक मिनिटात कंदील हलेल आणि मग संथपणे फिरू लागेल.

कंदील तारेवरून पडत का नाही? त्याचे बहुतेक वजन टेकूच्या खाली लोंबते, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या खाली असतो. त्यामुळे तो थोडा कलला तरी आपोआप पूर्वस्थितीला येतो.

कंदिलाला कोण फिरवते?

हवा तापली की प्रसरण पावते. तितक्याच आकारमानात आता कमी हवा मावते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ ग्रॅम असते. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापली तर एक लिटर हवेत सुमारे १.०६ ग्रॅमच उरतात. फरक अवघा ०.१ ग्रॅमचा. पण सभोवतालची जड हवा खालून आत शिरते आणि हलक्या हवेला सतत वर ढकलत राहते. नळ्याच्या खाली ४ सें.मी. मोकळी जागा ठेवली ती याचसाठी. जागा कमी केली तर आत येणारी हवा कमी होते आणि कंदील मंदावतो.

वर चढणारी हवा तिरप्या पातीच्या खालच्या अंगावर आदळते. पाती तिला वाट देत नाही. हवा बाजूला वळते आणि उचललेल्या कडेखालून निसटते. पाती हवेला एका बाजूला ढकलते, म्हणून हवा पातीला विरुद्ध बाजूला ढकलते. हा न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम. आता कंदील सुरू करण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा : बिजागरीची कड पुढे धावेल की उचललेली कड? उत्तर तर्काने काढा आणि मग पडताळून पहा. (बिजागरीची कड पुढे असायला हवी.)

पणत्या मध्यावर न ठेवता ५ सें.मी. बाजूला का ठेवल्या, हेही आता कळेल. दाराला बिजागरीजवळ ढकलले तर ते जड जाते, कडेला ढकलले तर सहज उघडते. मध्याशी चढणारी हवा तुंब्यावर आपटून वाया जाईल. बाजूला चढणारी हवा पात्यांवर पडते आणि आसापासून दूर पडते.

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रात वाफेच्या झोताने टर्बाइनची पाती फिरतात. तिथे वाफ आणि पोलाद, इथे हवा आणि कागद. उष्णतेचे गतीत रूपांतर करण्याचे तत्त्व दोन्हींकडे एकच. तुमचा कंदील हे एक उष्णता-इंजिन आहे.

पणती किती वॅटची?

विजेच्या दिव्यावर वॅट लिहिलेले असतात, पणतीवर नसतात. पण ते मोजता येतात. शाळेच्या तराजूवर तेलाने भरलेली पणती तोला, एक तास जळू द्या, विझवून निवल्यावर पुन्हा तोला. समजा, ५ ग्रॅम तेल जळाले. तेलाच्या पिशवीवर १०० ग्रॅम तेलात सुमारे ९०० किलोकॅलरी ऊर्जा असल्याचे छापलेले असते, म्हणजे १ ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी, अर्थात सुमारे ३७,६०० ज्यूल. ५ ग्रॅमची ऊर्जा झाली १,८८,००० ज्यूल. तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे ५२ वॅट!

एवढीशी पणती ५२ वॅटची, आणि तिचा उजेड? साधारण मेणबत्ती सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देते. पणतीही त्याच कुळातली. उलट ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ८०० ल्युमेन देतो, म्हणजे साठाहून अधिक मेणबत्त्यांइतका. पणती हा दिवा थोडा आणि शेगडी फार!

जुना तारेचा ६० वॅटचा दिवाही तसाच. त्याची सुमारे ९५ टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडे. प्रकाशासाठी विकत घेतलेल्या त्या दिव्याच्या उष्णतेवर फिरता कंदील फुकट फिरत असे. एलईडीची मुळातच एकूण ऊर्जा ९ वॅट; तिच्यातला बराच भाग प्रकाश होऊन जातो आणि उरलेली थोडी उष्णता दिव्याच्या बुडाकडून हळूहळू बाहेर पडते. कंदील फिरवण्याइतका हवेचा झोत त्यातून उठत नाही. कंदील थांबला, कारण दिवा सुधारला!

ही सुधारणा सहज झालेली नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या एलईडीसाठी आधी निळ्या प्रकाशाचा कार्यक्षम डायोड हवा होता. तो घडवणारे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा घरातला हिशेब असा : वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत १८ दिवस, रोज ६ तास कंदील लावला, तर ६० वॅटच्या दिव्याला सुमारे ६.५ युनिट वीज लागते आणि ९ वॅटच्या एलईडीला सुमारे १ युनिट. गॅलरीतल्या टांगत्या कंदिलात म्हणूनच एलईडी लावावा. फिरत्या कंदिलाची जागा मेजावर, घरच्या मंडळींच्या नजरेसमोर, तासाभराच्या मौजेपुरती.

जगभरचा खेळ

गरम हवेवर फिरणारे दिवे इतरत्रही आहेत. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे इ.स. ९६० ते १२७९ च्या दरम्यान, घोडेस्वारांच्या सावल्या फिरवणारे कंदील लोकांना माहीत होते. तिथे त्यांना 'धावत्या घोड्यांचा दिवा' अशा अर्थाचे नाव आहे. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा व्हिंची याने धुराड्यातून चढणाऱ्या गरम हवेने चाक फिरवून मांस भाजण्याची सळई फिरवण्याचे चित्र काढून ठेवले आहे. जर्मनीतील एर्त्सगेबिर्ग या खाणींच्या डोंगराळ मुलखात नाताळात मेणबत्त्यांच्या उष्णतेवर फिरणारे लाकडी मनोरे आजही करतात.

करून पहा, मोजून पहा

(अ) नळ्यावर एका जागी लाल ठिपका लावा आणि एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजा. मग पात्या १५, ३०, ४५, ६० अंशांवर ठेवून पुन्हा मोजा. शून्य अंशावर पाती सपाट आणि ९० अंशांवर उभी. दोन्ही वेळा कंदील फिरणार नाही. मग सर्वांत जास्त फेरे कुठे तरी मध्ये मिळालेच पाहिजेत. कुठे? आलेख काढून तुम्हीच ठरवा.

(आ) एकच पणती लावा. फेरे निम्मे होतात का?

(इ) खोली अंधारी करून भिंतीवरच्या सावल्या पहा. पणत्या दोन असतील तर एका घोड्याच्या किती सावल्या दिसतात? परात भिंतीजवळ सरकवल्यावर सावली लहान होते की मोठी?

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि निदान तीनदा मोजून सरासरी घ्या. शिक्षकांना सुचवावेसे वाटते की वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक कोन द्यावा. एका तासात पूर्ण आलेख फळ्यावर येतो.

सावधगिरी

कागद आणि ज्योत एकत्र आहेत हे क्षणभरही विसरू नका. कंदील पेटता असेपर्यंत मोठे माणूस जवळ हवेच. फटाके उडत असलेल्या जागी किंवा वाऱ्यात हा कंदील लावू नका. सुती कपडे घाला, ओढणी आणि केस बांधून ठेवा. विझवताना आधी मोठ्या माणसाने कंदील सरळ वर उचलून बाजूला ठेवावा, मग पणत्या विझवाव्यात. परातीत पाण्याऐवजी वाळू का घेतली, याचाही विचार करा. तेल पाण्याहून हलके; पेटते तेल पाण्यात सांडले तर ते पृष्ठभागावर पसरते आणि जळतच राहते. वाळू ते शोषून घेते आणि हवा तोडते. कोणाला भाजलेच, तर त्या जागेवर लगेच नळाचे गार पाणी २० मिनिटे सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

यंदा फराळाला पाहुणे जमले की कंदील फिरता करा आणि त्यांना विचारा : "आत पणतीऐवजी हा झगझगीत एलईडी लावला तर कंदील जोरात फिरेल की हळू?" बहुतेकजण 'जोरात' म्हणतील. मग एलईडी लावून दाखवा, आणि तुमच्या वहीतला ५२ वॅटचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा.