अंगणातली वेधशाळा

पावसाळ्यात सांगलीकरांची सकाळ एका आकड्याने सुरू होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट झाली? ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी ते शिकवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ही पातळी ५७ फुटांपलीकडे गेली होती. नदीचा आकडा आपण एवढ्या काळजीने विचारतो. पण ज्या पावसाने ती भरते, तो आपल्या अंगणात किती पडला, हे विचारले तर 'काल चांगलाच झाला' यापलीकडे उत्तर नसते.

हा प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. दोहोंमधील अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. सह्याद्रीवर चढताना ढग रिते होतात आणि माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत राहतात. वळवाचा पाऊस तर शेताच्या एका बांधावर कोसळतो आणि दुसरा कोरडा ठेवतो. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, की अतिवृष्टी मानली जाते. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात. केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही आणि शिवारात पडलेला केंद्रावर दिसेलच असेही नाही. घरच्या नोंदीला सरकारी मान्यता नसते हे खरे. तरीही तासगावच्या द्राक्षबागायतदाराला डाऊनीची फवारणी आज करावी की नाही, हे त्याच्या बागेतला पाऊसच सांगू शकतो.

पाऊस मोजण्याचे तत्त्व साधे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरभर रानावर सुमारे चार हजार लिटर. तोंडाशी १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे घेतले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरते. त्याखाली ठेवलेल्या कॅनमध्ये २० मिलिलिटर पाणी जमले, की एक मिलिमीटर पाऊस झाला. औषधाच्या मोजमापाच्या भांड्याने हे पाणी मोजता येते. मात्र दोन लिटरची बाटली शंभर मिलिमीटरांतच भरते. त्यामुळे पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे किमान पाच लिटरचा कॅन घ्यावा आणि मुसळधारेत तो दिवसातून दोनदा मोजून रिकामा करावा.

मोजणी रोज सकाळी साडेआठला करावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस याच वेळी संपतो. वेळ तीच ठेवली तरच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. नरसाळ्याची कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी सपाट असावी. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी अंतर राखावे. गच्चीचा मोह टाळलेला बरा. कठड्याशी वारा भोवरे घेतो आणि थेंब नरसाळ्यावरून उडून जातात.

ज्यांना स्वयंचलित नोंद हवी, त्यांच्यासाठी झुकत्या कप्प्यांची रचना आहे. नरसाळ्याखाली तराजूसारखे दोन छोटे कप्पे बसवतात. एक भरला की कलंडतो आणि दुसरा धारेखाली येतो. प्रत्येक कप्प्यात चार मिलिलिटर पाणी मावत असेल, तर एक कलंडणे म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. कप्प्याला चिकटवलेले लोहचुंबक प्रत्येक वेळी एक चुंबकीय स्विच दाबते आणि स्वस्तातले इलेक्ट्रॉनिक सर्किट ती संख्या मोजते. अचूकता तपासण्यासाठी ४०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडावे; शंभर वेळा कलंडले तर यंत्र बरोबर. अतिजोरदार पावसात मात्र कलंडतानाच थोडे पाणी निसटते व आकडा कमी येतो. म्हणून साधा कॅनही शेजारी असू द्यावा.

वाऱ्यासाठी आयरिश शास्त्रज्ञ थॉमस रॉबिन्सन यांची १८४६ मधील कल्पना आजही उपयोगी आहे. सायकलच्या चाकाच्या हबवर पट्ट्या जोडून तीन किंवा चार हलक्या वाट्या एकाच दिशेने तोंड करून बसवाव्यात. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा दाब अधिक पडतो आणि चक्र फिरू लागते. वाट्या वाऱ्याच्या वेगाच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात असे रॉबिन्सन यांना वाटले होते. प्रत्यक्षात हे प्रमाण प्रत्येक यंत्रागणिक बदलते. म्हणून वारा पडलेल्या पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, मोटारीच्या टपावर उंच काठीला यंत्र बांधावे. गाडी ताशी २०, ३० आणि ४० किलोमीटर वेगाने चालवून फेऱ्या मोजाव्यात आणि त्यांचा तक्ता करावा.

वाऱ्यात लहानशी चूकही महागात पडते, कारण त्याची ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला पाच मीटरचा वारा सहा मीटर झाला, की ऊर्जा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर, सांगलीच्या ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे अशीच मोजमापे आहेत. पुण्याच्या हवामान खात्यात १९४८ मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी भारतीय बनावटीची हवामान उपकरणे प्रमाणित करण्यासाठी कष्ट घेतले आणि पुढे देशभरातील वाऱ्याचे सर्वेक्षणही केले. वाऱ्याची प्रमाणित उंची दहा मीटर मानतात. घरी तेवढा खांब शक्य नसेल, तर जी उंची असेल ती वहीत लिहून ठेवावी.

पाऊस मोजण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्यमापनासाठी भांडे ठेवण्याचा उल्लेख आहे आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस तेथे अमाप म्हटला आहे. त्या भांड्यातही महत्त्व होते ते नोंदीला. एका पावसाळ्याची वही फारसे बोलत नाही. पण दहा पावसाळ्यांची वही आपल्या विहिरीला पाणी कधी येते, परतीचा पाऊस कितपत लांबतो, पेरणी कोणत्या आठवड्यात साधते, हे सांगू लागते. एक नरसाळे, एक कॅन आणि रोज सकाळची पाच मिनिटे, एवढ्या भांडवलावर हे काम येत्या मृगापासून सुरू करता येईल.