वीट लागण्याआधीचे काम



मे महिन्यात नाशिकच्या मंडळीतील एक मावशी जव्हारजवळच्या मुलींच्या वसतिगृहाची जागा पाहायला आल्या. उन्हात डोक्यावर पदर घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्षे आम्ही पैसे पाठवतोय. वसतिगृह कुठे आहे?" मी बोट दाखवले तिथे एक लांब चर, दगडांचे दोन गडगे आणि ताडपत्रीखाली झाकलेला मातीचा ढीग एवढेच होते. वीट एकही नव्हती. आलेल्या दानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मात्र खर्च झालेला होता.

मावशींना मी तिथे जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न आणखी पुष्कळांच्या मनात असणार.

त्यासाठी आधी एक जुनी चूक सांगावी लागेल. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पाड्यावर आम्ही बालवाडी बांधायला घेतली. जागा उताराची, झुडपांनी भरलेली. पाऊस यायच्या आत काम उरकावे म्हणून मी मेच्या मध्याला जेसीबी बोलावला. दोन दिवसांत सगळा उतार खरवडून लाल-काळा सपाट करून टाकला. फोटो छान आला आणि तो याच पत्रिकेत छापलाही होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळला आणि उघडी पडलेली सगळी माती खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात गेली. त्याने उन्हाळ्यात शेण, पाला, काटक्या जाळून राब भाजला होता. त्यावर टाकलेले भाताचे बी बोटभर उगवले होते. ते सगळे गाळाखाली गेले. आम्ही घमेल्यांनी गाळ काढला, त्याला वर्षाचे भात दिले, शेजाऱ्यांकडून रोप मागून आणले. पण खाचरात आलेले दगडगोटे दोन वर्षे निघत होते. त्याची मुलगी आमच्याच बालवाडीत यायची होती. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पाणी कुठून जातं ते पावसात बघायला यायचं होतं, भाऊ."

म्हणून या वेळी पहिले काम पावसातच केले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आमची जागा वीस गुंठे, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि इथे तो होतोच, तर तेवढ्या जागेवर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर. वरच्या डोंगरावरून येणारे पाणी त्यात धरलेले नाही. त्यामुळे गेल्या जुलैत गावातील दोन जाणत्या माणसांना घेऊन आम्ही छत्र्या घेऊन फिरलो आणि पाणी जिथे जिथे वाहत होते तिथे खुंट्या ठोकल्या. नकाशावर इमारत जिथे काढली होती, त्याच्या बरोबर मधून एक ओहोळ जात होता! इमारत पंचवीस पावले सरकवली. या कामाला खर्च आला तो चहाचा.

झुडपे काढायचे काम ऑक्टोबरात, माती ओली असताना घेतले. जागेवर घाणेरी माजली होती. तिला टणटणीही म्हणतात. शोभेचे झाड म्हणून परदेशातून आली आणि रानभर पसरली. तिचा पाला गुरांना विषारी. ती नुसती कापली किंवा जाळली तर बुडातून पुन्हा दुप्पट जोमाने फुटते. त्यासाठी जमिनीखाली दोन-तीन बोटे खणून मुळाचा गड्डा तोडावा लागतो आणि झुडूप उलटे करून वाळत ठेवावे लागते. यंत्राने हे नीट होत नाही, माणसे लागतात. गावातील बारा जणांना पाच आठवडे रोजगार मिळाला. सगळ्यांना गमबूट आणि हातमोजे दिले, कारण अशा जाळीत फुरसे आणि घोणस असतात. पाच आठवड्यांत दोन साप दिसले, दोन्ही आपल्या वाटेने गेले.

झाडांचे काम सर्वांत सावकाश झाले. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, ऐन, मोह, आंबा, हिरडा, खैर, जांभूळ अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आमच्या जागेत 27 मोठी झाडे होती. तोडली फक्त तीन ऐनांची, तीही परवानगी हातात आल्यावर. जागेच्या कोपऱ्यात एक मोह आहे. ठेकेदाराचे म्हणणे, तो काढला तर ट्रक सरळ आत येईल. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीन घरांतील बायका त्याखाली फुले वेचतात, आणि पुढे त्याच्या बियांचे तेल काढतात. मोह राहिला. ट्रक वळसा घालून येतो.

काही हितचिंतक विचारतात की शेजारचे शेत स्वस्तात मिळत असेल तर तेही का घेत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत, बक्षीस किंवा भाड्याने सरकारी मंजुरीशिवाय देता येत नाही. जमीन महसूल संहितेत हे बंधन 1974 पासून आहे आणि ते असावे असेच माझे मत आहे. ते नसते तर या डोंगरात आदिवासींच्या हाती किती जमीन उरली असती, याचा विचार करावा. जी जागा ट्रस्टकडे पूर्वीपासून होती तेवढ्यातच आम्ही बांधत आहोत.

आता त्या झाकलेल्या ढिगाविषयी. वरचा वीतभर थर हीच खरी सुपीक माती. तो तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि खरवडायला एक दुपार पुरते. या वेळी फक्त इमारतीच्या चौथऱ्यापुरता थर काढला आणि वेगळा ठेवला. बांधकाम झाल्यावर तो मुलींच्या भाजीच्या वाफ्यांत जाईल. बाकी उतारावरचे गवत मुळासकट तसेच आहे.

जागेच्या वरच्या अंगाला तो लांब चर. डोंगराचे पाणी इमारतीकडे येण्याआधीच तो अडवतो आणि शंभर फुटांना एक फूट अशा बेताच्या उताराने ओढ्याकडे नेतो. उतार जास्त झाला तर पाणी चरच खणून काढते. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने तो आखला. शेवटी एक खड्डा आहे, त्यात गाळ बसतो. खालच्या अंगाला दगडांचे गडगे रचले आणि त्यांच्या कडेने वाळा लावला. त्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

पायासाठी चार ठिकाणी खड्डे घेतले. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे, पण खडक कुठे आहे हे खणल्याशिवाय कळत नाही. तीन खड्ड्यांत चार-पाच फुटांवर घट्ट मुरूम लागला. चौथ्यात सात फुटांपर्यंत नुसती भुसभुशीत माती, बहुधा जुनी भर. अर्धी इमारत मुरुमावर आणि अर्धी भरावावर असेल तर भरावाची बाजू खचते आणि भिंतीला मधोमध तडा जातो. म्हणून त्या कोपऱ्यात खोली न घेता अंगण ठेवले आहे. तिथला भराव वीतभर जाडीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून घेतला.

हे लिहीत असताना जुलै लागला आहे. जूनच्या अखेरीस दोन दिवस पावसाने झोडपून काढले. चराच्या वळणावरचे दगड निसटले. तिथे पुन्हा बांधावे लागेल, माझा अंदाज चुकला. गाळाचा खड्डा अर्धा भरला होता, तो उपसला. खालच्या खाचरात जाऊन पाहिले. रोप हिरवे आहे, पुढच्या आठवड्यात लावणी आहे.

पायाची आखणी दिवाळीनंतर होईल. मावशींना निरोप पाठवला आहे की या वेळी पावसातच या, गमबूट आमच्याकडे आहेत.