‘जेवल्तो’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणाल?

“काल कुर्डुवाडीला पाव्हण्यांकडं जेवल्तो,” असं माढ्यात सहज म्हणतात. ‘जेवल्तो’ म्हणजे ‘जेवलो होतो’. स्पॅनिश शिकणारा आपला विद्यार्थी या ‘होतो’ला प्रतिशब्द शोधतो आणि ‘आबिआ कोमिदो’ लिहून मोकळा होतो. चूक इथेच होते. ते रूप एक गोष्ट दुसरीच्याही आधी घडून गेली होती, हे सांगण्यासाठी असतं. काल जेवलो आणि ते झालं, एवढंच सांगायला एक शब्द पुरतो: ‘कोमी’. या साध्या भूतकाळाचं नाव प्रेतेरितो.

क्रियापदं चालवणं फार अवघड, हा सगळ्यात मोठा गैरसमज. अवघड खरं तर आपली मराठी आहे! आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. मुलगा म्हणतो ‘बोललो’, मुलगी म्हणते ‘बोलले’. स्पॅनिशमध्ये काहीही खा, कुणीही खा, ‘मी खाल्लं’ला ‘कोमी’च. क्रियापद फक्त कर्त्याकडे पाहतं. नियमित क्रियापदं आर, एर, इर अशी तीन प्रकारची, पण या काळात एर आणि इर यांचे प्रत्यय एकच. म्हणजे पाठ करायचे दोनच संच. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, ते या क्रमाने आब्लार (बोलणे) असं चालतं: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लारोन. कोमेर (खाणे): कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिएरोन. स्पेनमध्ये ‘तुम्ही’ला वेगळं रूप आहे, लॅटिन अमेरिकेत ‘ते’चंच रूप चालतं.

‘तू’च्या रूपाला शेवटी ‘स’ हवा, असंही आपल्याला वाटतं. साहजिकच आहे, आपण ‘आलास’, ‘खाल्लीस’ म्हणतो आणि स्पॅनिशच्या वर्तमानकाळातही ‘आब्लास’ असतं. प्रेतेरितोत मात्र तो ‘स’ नाही. स्पॅनिश मातृभाषा असलेले कितीतरी लोक बोलताना ‘कोमिस्तेस’ म्हणतात, पण प्रमाण भाषेत ती चूकच धरतात.

प्रेतेरितो क्षणात उरकणाऱ्या क्रियेसाठीच असतो, हेही खरं नाही. ‘वीस वर्षं सोलापुरात राहिलो’ यालाही प्रेतेरितोच, ‘बिबी’, कारण ती वर्षं मोजून संपली. ‘लहानपणी आजोळी राहायचो’ म्हणताना मात्र ‘बिबिआ’. ‘राहिलो’ आणि ‘राहायचो’ यांतला फरक आपल्या कानाला जन्मापासून कळतो. तोच इथे वापरायचा.

राहिली स्वरावरची तिरपी रेघ. ती शोभेची नाही, जोर कुठे द्यायचा ते ती सांगते. ‘आब्लो’ म्हणताना ‘आ’वर जोर दिला तर अर्थ ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. एका रेघेने काळ बदलतो आणि माणूसही. म्हणून रूपं मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि वहीत लिहिताना ती रेघ कधीही गाळू नका.