जुन्या कॅसेट डिजिटल करण्याचा धंदा: मास्टर फाइल जपाल, तर नाव जपाल

मागच्या व्हिडिओनंतर खूप जणांनी एकच प्रश्न विचारला: “सर, लग्नाच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हमध्ये करून द्यायचं काम घरून सुरू करता येईल का?” येईल. पण आधी माझी एक चूक ऐका.

दुकान सुरू होऊन तिसराच महिना होता. एक ताई बहिणीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. वडील वारलेले, आणि ते चालता-बोलता दिसतात अशी ती एकच कॅसेट. मी घाईत कॅप्चर केली, फिल्टर लावून चित्र “स्वच्छ” केलं, लहान फाइल बनवली. हार्ड डिस्क भरत आली होती म्हणून मूळ कॅप्चर उडवून टाकलं. दोन दिवसांनी ताई परत आल्या. म्हणाल्या, “दादा, बाबांचा चेहरा मेणाचा केल्यासारखा दिसतोय.” खरंच तसा दिसत होता. कॅसेट पुन्हा व्हीसीआरमध्ये घातली, तर टेप अडकून चुरगळली. पाठवणीचा भाग गेला. ताई भांडल्या नाहीत, फक्त एवढंच विचारलं, “ते आता परत येणार नाही ना?” पैसे परत केले, पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

म्हणून आज काम तीन टप्प्यांत समजून घेऊ.

१. कॅप्चर: इथे कंजुषी नको

आधी कॅसेट बघा. रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात ठेवलेल्या कॅसेटला ती हमखास लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. हेड खराब होतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागण होते. व्हीसीआर जपून वापरा. फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये उत्पादन बंद केलं, त्यामुळे आता जुन्याच मशीनवर भागवायचं आहे. मागची रेकॉर्डिंगची टॅब शाबूत असेल तर आधी तोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही.

मिनी डीव्ही कॅसेट असेल तर काम सोपं. ती आधीच डिजिटल आहे, फायरवायरने जशीच्या तशी उतरवायची. एका तासाला साधारण 13 जीबी लागतात. व्हीएचएस मात्र अॅनालॉग. त्याला कॅप्चर कार्ड आणि व्हर्च्युअलडबसारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं. पॅल पद्धतीत 720 गुणिले 576, सेकंदाला 25 फ्रेम, हेच सेटिंग ठेवा. हफयुव्हसारखा लॉसलेस कोडेक वापरा. तासाला 30-40 जीबी जातात, जाऊ द्या. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा; फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. आणि “ड्रॉप्ड फ्रेम्स”च्या आकड्यावर नजर ठेवा. तो वाढला की आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

२. फिल्टर: मीठ चवीपुरतं

व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. म्हणून कॉम्प्युटरवर हलत्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. त्यासाठी डीइंटरलेस करायचं. पण अर्ध्या ओळी फेकून देणारा सोपा पर्याय घेऊ नका, मी तेच केलं होतं. एव्हीसिंथमधलं क्यूटीजीएमसी दोन्ही फील्ड वापरून सेकंदाला 50 फ्रेम देतं. ते हळू चालतं, रात्री लावून झोपा.

त्यानंतर हलकासा नॉइज फिल्टर. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या की समजा जास्त झालं. तळाशी थरथरणारी पट्टी असते ती काळ्या रंगाने झाका. आणि चित्र 4:3 चंच ठेवा. मोठ्या टीव्हीवर भरावं म्हणून ताणलंत, तर नवरी-नवरा दोघंही आडवे सुटलेले दिसतात.

३. फ्रेमसर्व्हिंग: तव्यावरची पोळी थेट ताटात

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. साधारणपणे आपण फिल्टर लावून एक मोठी फाइल सेव्ह करतो, मग ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एमपी4 बनवतो. म्हणजे पोळी आधी डब्यात, मग ताटात. फ्रेमसर्व्हिंगमध्ये मधला डबाच नाही. एव्हीसिंथमध्ये चार-पाच ओळींची स्क्रिप्ट लिहायची: कुठली फाइल घ्यायची, कुठले फिल्टर, कुठल्या क्रमाने. एन्कोडरला ती स्क्रिप्ट व्हिडिओ फाइलसारखीच वाटते. तो एकेक फ्रेम मागतो, एव्हीसिंथ गरमागरम तयार करून देतं.

फायदा काय? डिस्कची जागा वाचते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ फाइलला हात लागत नाही. गिऱ्हाईक म्हणालं “चेहरा मेणासारखा झालाय”, तर स्क्रिप्टमधली एक ओळ बदला आणि पुन्हा एन्कोड करा. कॅसेट पुन्हा चालवायची गरजच नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

आता हिशोब

बीबीएला कॉस्टिंग शिकलो, पण सुरुवातीला मी कॅसेटमागे एकच दर लावला. चूक! तीन तासांची कॅसेट कॅप्चर व्हायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. म्हणून दर रेकॉर्डिंगच्या तासावर लावा. त्यात तुमचा वेळ, वीज, डिस्क आणि व्हीसीआरची दुरुस्ती धरा. कॅसेट घेताना तिची अवस्था पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. सिनेमाच्या विकत घेतलेल्या कॅसेट आल्या तर हात जोडा. हक्क दुसऱ्याचे असतात.

आणि शेवटचा नियम, माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे: गिऱ्हाइकाने फाइल घरी पाहून “ठीक आहे” म्हणेपर्यंत मास्टर डिलीट करायचा नाही. शक्यतो त्यालाच एका हार्ड डिस्कवर मास्टर विकत द्या. तुमचंही उत्पन्न, त्याचीही आठवण सुरक्षित.

पहिली कॅसेट गिऱ्हाइकाची घेऊ नका. आपल्याच घरातली, कमी महत्त्वाची एखादी काढा आणि या रविवारी तिन्ही टप्पे करून बघा. पुढच्या व्हिडिओत स्क्रिप्ट ओळीओळीने लिहून दाखवतो. भेटूया!