भरलेलं मॅगझिन आणि स्प्रिंगचा जोर

बंदुकीचं मॅगझिन महिनोन्‌महिने भरून ठेवलं की आतली स्प्रिंग ढिली पडते, हा समज फार पक्का आहे. पोलादाचा स्वभाव मात्र तसा नाही. नीट घडवलेली स्प्रिंग लवचीकतेच्या मर्यादेत दाबलेली असेल, तर नुसतं दबून राहिल्याने तिचं फारसं बिघडत नाही. नवेपणी, पहिल्या काही दाबांत ती किंचित आखूड होते आणि मग तिथेच स्थिरावते. तिला थकवतं ते वारंवार दबणं आणि सुटणं. म्हणजे स्प्रिंगला आराम मिळावा म्हणून दर आठवड्याला मॅगझिन रिकामं करून पुन्हा भरणारा माणूस नेमकी तिची झीजच वाढवतो.

मग ब्रेन गन या हलक्या मशीनगनच्या 30 काडतुसांच्या मॅगझिनमध्ये सैनिक 27-28च का भरत? स्प्रिंग जपणं हे एक कारण होतंच, पण काडतूस अडकू नये हेही तितकंच महत्त्वाचं होतं. अगदी मर्यादेपर्यंत दाबलेली स्प्रिंग काळानुसार थोडा जोर गमावते, हे मान्य करायलाच हवं. छोट्या जागेत जास्त काडतुसं कोंबणाऱ्या मॅगझिनमध्ये ही शंका रास्त आहे. तरी दीर्घ साठवणीत, विशेषतः प्लास्टिकच्या मॅगझिनमध्ये, जास्त काळजी करावी ती काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांची. सततच्या दाबाने त्या फाकू शकतात. मॅगपुल कंपनीच्या प्लास्टिक मॅगझिनचं झाकण बसवलं की वरचं काडतूस खाली दाबलं जातं आणि कडांवरचा भार उतरतो. स्प्रिंग मात्र त्या वेळी आणखीच दबलेली असते.