गजर झाला की वीज बंद



९ जानेवारी २०२१ ची रात्र आपला जिल्हा विसरलेला नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली. १० बालके दगावली, ७ वाचली. तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सतावतो. रात्री सारे झोपेत असताना आपल्या घरी धूर झाला, तर मेन स्विच पाडायला उठणार कोण? नाकाडोंगरीसारख्या गावी बंब येईपर्यंत घरच्यांनाच निस्तरावे लागते.

उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरवे बटण दाबले की कॉईलला वीज मिळते आणि ती पट्ट्या ओढून धरते. लाल बटण दाबले की कॉईल सुटते, खट्‌कन मोटार बंद! पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत ती सुरू होत नाही. घरच्या मेन लाइनवर असाच कॉन्टॅक्टर बसवावा आणि लाल बटणाचे काम धुराच्या किंवा गॅसच्या गजराकडे द्यावे. गजर वाजला की वीज तुटली. मात्र गजर घेताना त्यात रिलेची सोय आहे का, हे विचारून घ्या. सगळ्यांत ती नसते.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा गजर जमिनीलगत लावावा; धुराचा छताला, पण चुलीपासून दूर, नाहीतर रोजच बोंब! कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगी पडते, म्हणून तो स्वयंपाकघरात नको, बाहेर मीटरजवळ ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर मेन पडूनही घरात वीज राहते; त्याचीही लाइन तुटली पाहिजे. गजर बॅटरीवरही चालणारा असावा. पाण्याचा पंप वेगळ्या लाइनवर ठेवावा. ईएलसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती ३० मिलिअँपिअरची गळती ओळखते, धूर नाही. दोन्ही हवेत.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून पाहावे.

मोटारीचे वायंडिंग जळू नये म्हणून आपण स्टार्टर बसवतो, सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतो. अहो, घरात तर आपली लेकरे झोपतात! त्यांच्यासाठी एवढे व्हायलाच हवे.