उभ्या मोटारघराची बॅटरी का उतरते?

पावसाळ्याचे चार महिने आच्छादनाखाली उभे ठेवलेले मोटारघर दिवाळीच्या सहलीसाठी बाहेर काढावे आणि किल्ली फिरवताच केवळ 'टक्‌' असा आवाज यावा, हा अनुभव अशा वाहनांच्या मालकांना नवा नाही. युरोप-अमेरिकेत हीच तक्रार हिवाळ्यानंतर ऐकू येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरच्या या घरांविषयीचे कुतूहल आपल्याकडेही वाढले आहे. साहजिकच त्यांची ही जुनी दुखणीही समजून घेणे आवश्यक ठरते. बॅटरी उतरली की ती बदलून टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. मात्र दोष बॅटरीत नसून वाहनात असेल, तर काही आठवड्यांत नव्या बॅटरीचीही तीच गत होते आणि खर्च वाया जातो.

एका वाहनात दोन संसार

साध्या मोटारीत एक बॅटरी असते. मोटारघरात सहसा दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. पहिली बॅटरी इंजिन सुरू करते. दुसरी दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रिजचे नियंत्रण अशा घरगुती उपकरणांना वीज पुरवते. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज व्हाव्यात आणि ते बंद होताच परस्परांपासून अलग व्हाव्यात, यासाठी मध्ये रिले बसवलेला असतो. त्यामुळे तपासाचा पहिला प्रश्न असतो, तो कोणती बॅटरी उतरली हा.

रिले चिकटून राहिला, तर घरातील दिव्यांचा भार इंजिनाच्या बॅटरीवर पडतो. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर घरातील सर्व दिवे लावावेत आणि इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. तेही खाली येऊ लागले, तर दोन्ही बॅटऱ्या अद्याप जोडलेल्याच आहेत, असे समजावे.

थेंबे थेंबे तळे रिते

सर्व बटणे बंद असली, तरी वाहन पूर्णपणे निद्रिस्त नसते. घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरीचा भोंगा, जीपीएस ट्रॅकर, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, नियंत्रण फलक अशी अनेक उपकरणे अहोरात्र थोडी थोडी वीज घेत असतात. हा प्रवाह किरकोळ वाटतो. पण हिशेब मांडला की चित्र बदलते.

समजा, बॅटरी १०० अँपिअर-अवर क्षमतेची आहे. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, असा संकेत आहे. म्हणजे हाती उरतात ५० अँपिअर-अवर. केवळ ५० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहत राहिला, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर खर्च होतात आणि सुमारे ४१ दिवसांत ही शिल्लक संपते. अशी तीन उपकरणे असतील, तर दोन आठवडेच पुरतात. इन्व्हर्टर चालू राहून गेला आणि त्याने रिकामा असतानाही एक अँपिअर घेतला, तर अवघ्या दोन दिवसांत निम्मी बॅटरी रिकामी होते. चार महिन्यांच्या मुक्कामात ५० मिलिअँपिअरचा प्रवाहही १४४ अँपिअर-अवर, म्हणजे संपूर्ण बॅटरीपेक्षा अधिक वीज मागतो. अशा वेळी वाहनात बिघाड असलाच पाहिजे, असे नाही.

याखेरीज बॅटरी आपोआपही थोडी उतरत असते आणि उष्णतेने हा वेग वाढतो. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. पुढे कितीही चार्ज केली, तरी गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही.

दोषी कोण?

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करावी, वाहनापासून सोडवावी आणि काही तासांनी व्होल्टेज मोजावे. शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ च्या आसपास निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी, असा ढोबळ हिशेब आहे. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू पडत नाहीत. सुटी ठेवलेली बॅटरी तीन-चार दिवसांतच लक्षणीय उतरली, तर दोष तिचाच. ती टिकून राहिली, तर चोर वाहनात आहे.

त्याला पकडण्यासाठी ऋण टर्मिनलची वायर काढून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर जोडावा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये. त्या प्रचंड प्रवाहाने मीटरचा फ्यूज उडतो. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. वाहनातील संगणकीय यंत्रणा शांत होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो, तोवर थांबावे. त्यानंतर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजमुळे आकडा एकदम खाली येतो, त्याच वाटेवर दोष शोधायचा. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह कायम असेल, तर अल्टरनेटरमधील डायोड किंवा थेट बॅटरीला जोडलेल्या वायरी यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी.

मुख्य स्विच पुरेसा आहे का?

अनेक मोटारघरांत बॅटरी तोडणारा मुख्य स्विच असतो. परंतु गॅसगळतीचे यंत्र किंवा सौर पॅनेलचा नियंत्रक कित्येकदा त्याला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेला असतो. येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. बॅटरी संपली, की गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्रही मुके होते. म्हणून वाहन उभे करताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करणे अनिवार्य आहे आणि उतरलेल्या बॅटरीनिशी आत गॅस पेटवणे धोक्याचे आहे.

हे ध्यानात ठेवा

- वायर सोडवताना आधी ऋण, मग धन. जोडताना आधी धन, शेवटी ऋण. पाना वाहनाच्या बॉडीला लागून ठिणगी उडण्याचा धोका त्यामुळे टळतो.
- इंजिन दहा मिनिटे जागेवर चालवल्याने उतरलेली बॅटरी भरत नाही.
- दीर्घ मुक्कामासाठी व्होल्टेज स्वतः नियंत्रित करणारा चार्जर वापरावा किंवा बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवून ठेवावी.
- सुटी बॅटरीही महिन्यातून एकदा मोजावी, १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास चार्ज करावी.
- चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जागा हवेशीर असावी; जवळ काडी किंवा सिगारेट पेटवू नये.
- पाणी भरावयाच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे.